क्लेम राडालचं एकुलतं एक वाक्य

क्लेम राडाल पाच वर्षांत त्रेचाळीस वेळा मेला आणि त्रेचाळीसही वेळा संध्याकाळी घरी जेवायला हजर होता. भाल्याने मेला, बाणाने मेला, जादूगाराने नुसतं बोट दाखवलं म्हणून मेला. एकदा तर राक्षसाच्या शिंकेने मेला. आमच्या ओराटिया गावात कुणालाही विचारा. अर्धं ओराटिया त्याच्यासोबत मेलेलं आहे.

क्लेमची सफरचंदांची बाग होती, म्हणजे अजूनही आहे. आजोबा सातासमुद्रापलीकडच्या डाल्मेशियाहून आले, त्यांनी जमिनीत गाडली गेलेली जुन्या झाडांची राळ खणली, बापाने द्राक्षं लावली, क्लेमने सफरचंदं. बागेच्या तळाला ओढा, ओढ्यावर लाकडी पूल आणि पलीकडे नेच्यांनी भरलेली घळ. तिथे मेंढ्यांशिवाय कुणी जात नसे. शहाण्णव साली एक चष्मेवाला माणूस शहरातून आला, घळीकडे बघत उभा राहिला आणि भारावून म्हणाला, "हे व्हर्डेनियाचं राज्य आहे!"

"हा माझा खालचा माळ आहे," क्लेम म्हणाला. "पण फाटक लावून घेणार असाल तर वापरा."

अशी 'मशालवाली झेलिका' ओराटियात आली. अमेरिकेतल्या दोनेकशे लहानसहान वाहिन्यांना किरकोळीत विकायची मालिका. कुणी ती शनिवारी दुपारी दाखवायचं, कुणी गालिच्यांच्या जाहिरातींच्या मध्ये कोंबायचं. नायिका झेलिका. तिच्या उजव्या हातात कायम पेटती मशाल, त्यामुळे बिचारीला पाच वर्षं सगळ्या लढाया डाव्या हाताने लढाव्या लागल्या. मशाल घटकाभर खाली ठेव, असं लिहिणाऱ्यांपैकी एकालाही सुचलं नाही.

बजेटची तऱ्हा सांगायलाच नको. कथेतला ड्रॅगन तीन डोक्यांचा, पण रबर दोनच डोक्यांना पुरलं. तिसरं डोकं पाच वर्षं खडकामागे विश्रांती घेत होतं. बर्फ म्हणून सुक्या बटाट्याचा चुरा उधळत. एकदा पाऊस आला आणि अख्ख्या हिमशिखराचा लगदा झाला. तो क्लेमच्या कुत्र्याने दोन दिवस खाल्ला आणि तिसऱ्या दिवशी अंथरूण धरलं. सैनिकांना सँडल दिलेले होते, पण ओराटियाच्या चिखलात सँडल घालून चालेल तो माणूस वेडा. म्हणून व्हर्डेनियाची सगळी फौज गमबुटांवर गोणपाट गुंडाळून लढली. मेंढ्यांच्या कानातले पिवळे बिल्ले पडद्यावर दिसले तेव्हा पुढच्या भागात एका चेटकिणीच्या तोंडी वाक्य घातलं गेलं की हा कळप शापित आहे. प्रश्न मिटला.

घोडे विरेमू टाउताहीचे. हा क्लेमचा शाळेपासूनचा दोस्त आणि बांधाला बांध लागलेला शेजारी. त्याच्याकडे चार घोडे होते. ते कॅमेऱ्यासमोरून एकदा गेले की सफरचंदांच्या शेडला वळसा घालून पुन्हा यायचे, अशी चाळीस घोड्यांची सेना व्हायची. "भावा, शेवटच्या फेरीला घोडेसुद्धा हसत होते," असं विरेमू सांगतो.

माणसांचंही तेच. कपडेपटात आकडे टाकलेल्या सात दाढ्या होत्या. सकाळी दोन नंबरची दाढी लावून क्लेम राजाचा पहारेकरी म्हणून मरायचा आणि दुपारी पाच नंबरची लावून बंडखोर म्हणून मरायचा. एका भागात कापाकापीत गोंधळ झाला आणि बंडखोर क्लेमने पहारेकरी क्लेमला भोसकलं. विरेमूने तो भाग फीत झिजेपर्यंत पाहिला.

पण मरण्यात क्लेमचा हात धरणारा कुणी नव्हता, हे मान्य करायला हवं. बाकीचे धपकन पोतं टाकल्यासारखे पडायचे. क्लेम आधी छातीतल्या तलवारीकडे आश्चर्याने पाहायचा, मग मारणाऱ्याकडे जरा दुखावल्यासारखा, मग आभाळाकडे. त्यानंतर एक गुडघा, दुसरा गुडघा. दिग्दर्शक पलीकडून ओरडायचा, "क्लेम, आटप! उजेड चाललाय!" क्लेम डोळे न उघडता म्हणायचा, "मरताना घाई करायची नसते."

आणि साडेपाच वाजले की घराच्या मागच्या पायरीवरून पॅट्सीची हाक यायची. पॅट्सी म्हणजे क्लेमची बायको. बाई अंगाने चिमणीएवढी, पण आवाज दोन माळ आणि एक घळ ओलांडून जायचा. "क्लेऽऽम! जेवण गार होतंय! बूट बाहेर काढ!" शब्दही रोज तेच. शेजारपाजारचे त्यावर घड्याळं लावत. हाक आली की प्रेतं उठून बसत, गोणपाटं झटकत आणि आपापल्या घरी जात.

तर असे एकोणतीस मृत्यू झाल्यावर, अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात, क्लेमला एक वाक्य मिळालं.

मरणाऱ्या म्हाताऱ्या गावकऱ्याचं वाक्य. "दक्षिणेला जा झेलिका, आणि मागे वळून पाहू नकोस." एवढंच. क्लेमने ते नऊ दिवस सफरचंदाच्या झाडांना म्हणून दाखवलं. चौथ्या दिवशी त्याने ठरवलं की 'झेलिका'नंतर थांबायचं. पूर्ण तीन सेकंद. त्या तीन सेकंदांत माणसाचं सगळं आयुष्य डोळ्यांपुढून जातं, असं त्याने पॅट्सीला समजावलं.

"तीन सेकंदांत तुझं आयुष्य जाऊन दोन सेकंद उरतील," पॅट्सी म्हणाली.

"थट्टा सोड. उद्या साडेपाचला हाक मारू नकोस. सूर्य बुडताना शॉट आहे. शब्द दे."

"दिला बाबा. उद्या भूक लागली तर तू मला हाक मार."

पूल जाळायचा होता. पूल एकच, त्यामुळे शॉटही एकच. क्लेमच्या डोक्याला रक्ताळलेली पट्टी कानांवरून घट्ट बांधलेली, दाढी सात नंबरची, शेजारी धूर उडवायला भला मोठा पंखा घरघरतोय. पूल पेटला, सूर्य टेकला, क्लेमने वाक्य म्हटलं, बरोबर तीन सेकंद थांबला आणि मेला. असं मरण पुन्हा जमलं नाही, हे तो स्वतःच सांगतो. घरी गेला तेव्हा पॅट्सीने ताट पुढे सरकवलं आणि कधी नव्हे ते बुटांबद्दल अवाक्षरही काढलं नाही.

तो भाग आमच्याकडे लागला तेव्हा गावच्या हॉलमध्ये ऐंशी माणसं जमली. म्हाताऱ्या बायकांनी प्रुशुराता, म्हणजे डाल्मेशियाचे तळलेले गोड गोळे, आणले होते, कुणाच्या तरी तळघरातली वाइन आली होती. पडद्यावर पूल पेटला. क्लेमचा चेहरा जवळून आला. क्लेमने श्वास रोखला. ओठ हलले आणि आतून कुठल्या तरी अमेरिकनाचा घोगरा, तूप चोपडलेला आवाज बाहेर आला: "दक्षिणेला जा झेलिका… आऽऽह… आणि मागे वळून पाहू नकोस."

मग विरेमू म्हणाला, "क्लेम, भावा, तू टेक्सासला कधी जाऊन आलास?" आणि ऐंशी माणसं खुर्च्यांवरून घसरली.

त्या दिवसापासून क्लेम राडालचं नाव 'यँक', म्हणजे अमेरिकन, पडलं. दुकानात यँक, पंपावर यँक, चर्चमध्ये पाद्रीसुद्धा एकदा चुकला. क्लेम सांगून दमला की वाक्य मीच म्हटलं होतं, माझा आवाज काढून दुसऱ्याचा घातला. "हो हो," लोक म्हणायचे, "तू तर नुसते ओठ हलवत होतास ना?" आवाज काढला याहीपेक्षा त्याला दुसरीच गोष्ट जास्त डाचायची. "माझ्या तीन सेकंदांत तो हरामखोर कण्हलाच कसा? मी तिथे कण्हलो नव्हतो! मी थांबलो होतो!"

त्याने कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं की स्पष्टतेसाठी बदल करावा लागला. म्हणजे काय ते क्लेमला लगेच कळलं: आपलं बोलणं त्यांना गावंढळ वाटलं. त्या रागात त्याने आपला चांगला चालणारा अमेरिकन ट्रॅक्टर विकला आणि कुठल्याशा भलत्या देशाचा आणला. तो चढावर बंद पडायचा.

"ट्रॅक्टरने तुझं काय घोडं मारलं होतं?" पॅट्सी विचारायची. पण वाक्याचा विषय निघाला की ती पदर खोचून त्याच्या बाजूने उभी राहायची, अर्थात पदर नव्हता, एप्रन होता. "तुझा आवाज सोन्यासारखा आहे. त्या मेल्यांना कळत नाही." तिच्या सांगण्यावरून फोनच्या यंत्रावरचा निरोपही क्लेमनेच भरला: राडाल यांच्या घरी सध्या कुणी नाही, कृपया निरोप ठेवा. आणि मध्ये तीन सेकंद थांबला. त्यामुळे निम्मे लोक फोन बंद झाला समजून ठेवून द्यायचे.

पुढे आणखी तेरा वेळा मेला. मग मालिका बंद झाली, ड्रॅगनची दोन डोकी उंदरांनी खाल्ली आणि तिसरं, न वापरलेलं, विरेमूच्या गोठ्यात राहिलं. घळीत पुन्हा मेंढ्या गेल्या. वर्षं कशी गेली ते कळलं नाही. तीन वर्षांपूर्वी पॅट्सी गेली. एकाच हिवाळ्यात आजार कळला आणि संपलाही.

त्यानंतर साडेपाचला क्लेमचे पाय आपोआप घराकडे वळायचे आणि अर्ध्या वाटेत थांबायचे. एकदा त्याने तिचा आवाज शोधायला घेतला. कपाटं उपसली. फोटो ढीगभर होते. लग्नाची फिल्म होती, पण ती मुकी. फोनच्या यंत्रात तर तो स्वतःच बसला होता. बावन्न वर्षं संसार केला, रोज हाक ऐकली, आणि तिचा एक शब्द कुठे ठेवलेला नव्हता. हे त्याने एकट्या विरेमूला सांगितलं आणि विरेमूने, आयुष्यात पहिल्यांदाच, त्यावर काही विनोद केला नाही.

अशात गेल्या वर्षी, झेलिका पहिल्यांदा पडद्यावर आली त्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून, मेळावा ठरला. त्याच हॉलमध्ये, शनिवारी दुपारी. अमेरिकेतून अकरा चाहते येणार होते. निमंत्रणात, आमच्याकडे लिहितात तसं, 'येताना प्रत्येकाने एक ताट आणावं' असं लिहिलं होतं, म्हणजे काहीतरी खायला करून आणा. अकराही अमेरिकन स्वच्छ धुतलेलं एकेक रिकामं ताट काखोटीला मारून हजर झाले. मग बायकांनी हसू दाबून त्यात सॉसेज रोल आणि पावलोवा केक वाढला.

त्यातली डार्लीन नावाची नेब्रास्काची बाई क्लेमला पाहून किंचाळलीच. "सात नंबरची दाढी! तुमचे सगळे मृत्यू मला क्रमाने पाठ आहेत! शिंकेचा माझा सगळ्यात आवडता." तिने एका फोटोवर सही मागितली. फोटोत चिखलात पालथं पडलेलं प्रेत होतं. फक्त पाठ आणि गमबूट दिसत होते.

"हा मी नाही, हा विरेमू," क्लेम म्हणाला.

"बुटांवरून ओळखता?"

"तो एवढा वाईट मरायचा की बुटांवरूनही कळतं."

"सही कर मुकाट्याने, यँक," विरेमू म्हणाला. "बाई एवढ्या लांबून आल्यात."

यँक का म्हणतात, हे डार्लीनने विचारलं आणि हॉलभर पुन्हा तीच कथा झाली. क्लेम अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झाला होता, पण कान लाल व्हायचे ते झालेच. "मीच म्हटलं होतं," तो म्हणाला. "माझ्याच आवाजात."

"म्हटलं होतं," मागून कुणीतरी म्हणालं. "माझ्याकडे आहे ते."

लीथ गॅरो. झेलिकाचा आवाजवाला, म्हणजे शूटिंगच्या वेळी आवाज टिपून घेणारा. तेव्हा काळी शेंडी होती, आता पांढरी. मालिका संपल्यावर तो मेलबर्नला गेला होता. घर आवरताना जुन्या फिती सापडल्या, त्या संगणकावर उतरवून त्याने आणल्या होत्या. त्याने क्लेमला खिडकीपाशी बाजूला घेतलं.

"आधी तू एकटा ऐक. हेडफोन आहे माझ्याकडे."

"का?" क्लेमच्या मनात पाल चुकचुकली. "वाईट आहे?"

"वाईट नाही. पण एकटा ऐक."

"चोवीस वर्षं हे लोक मला यँक म्हणतायत, लीथ. चोवीस वर्षं! लाव. सगळ्यांसमोर लाव. मोठ्याने."

लीथने विरेमूकडे पाहिलं. विरेमूने खांदे उडवले. लीथने यंत्र मोठ्या स्पीकरला जोडलं. लोक ताटं घेऊन जवळ सरकले.

आधी पंख्याची घरघर. मग पूल तडतडायला लागल्याचा आवाज. आणि मग क्लेम, चोपन्न वर्षांचा, खोल आणि थरथरता, अस्सल ओराटियाचा: "दक्षिणेला जा झेलिका…"

हॉलमध्ये कुणीतरी "अरे वा!" म्हटलं. क्लेमची छाती फुगली. एक सेकंद गेला.

"क्लेऽऽम! जेवण गार होतंय! बूट बाहेर काढ!"

आणि त्याच दमात, मरणाची थरथर बाजूला ठेवून, अगदी स्वयंपाकघरातल्या आवाजात: "आलो गं!"

आणि पुन्हा थरथरत: "…आणि मागे वळून पाहू नकोस."

हॉल फुटला. विरेमूने टेबलाला धरलं, पावलोवा खाली गेला. डार्लीन डोळे पुसत ओरडत होती, "म्हणून तो कण्हतो! ओठ हलले होते, म्हणून त्याला तिथे काहीतरी घालावं लागलं!"

"मी दिग्दर्शकाला तिथेच सांगितलं होतं," लीथ म्हणाला. "तो म्हणाला, पूल जळून गेला, आता काय हिचं जेवण जाळू? अमेरिकेत करतील नीट."

"पण मी… मी नव्हतो बोललो तसं," क्लेम म्हणाला. त्याला खरंच आठवत नव्हतं. तीस वर्षांच्या संसारात 'आलो गं' तोंडातून कधी निघतं ते माणसाला कळत नाही. त्यासाठी शुद्ध असावी लागत नाही, मेलेलं असलं तरी चालतं.

"तिने शब्द दिला होता ना रे तुला?" विरेमू हसता हसता धापा टाकत म्हणाला.

"दिला होता. पण एकदा ओव्हनमधून मटण बाहेर काढलं की…" क्लेम थांबला. तीन सेकंदांहून जास्त थांबला. "लीथ, पुन्हा लाव."

लीथने लावलं. पुन्हा हशा पिकला, जरा कमी.

"पुन्हा."

या वेळी फक्त अमेरिकन हसले. गावातल्या बायकांनी ताटं खाली ठेवली होती. पॅट्सीची हाक हॉलच्या लाकडी भिंतींवर आपटून परत आली, आणि क्लेमने पायांतल्या बुटांकडे पाहिलं. डार्लीनने शेजारणीला हळूच काहीतरी विचारलं, शेजारणीने तिच्या कानात सांगितलं, आणि मग डार्लीनही हसायची थांबली. विरेमू क्लेमच्या शेजारी येऊन उभा राहिला.

लीथने घसा साफ केला. "हे बघ, आता संगणकावर सगळं सुटं करता येतं. मधली हाक काढून टाकतो, तुझं वाक्य धुऊन स्वच्छ करतो आणि त्या अमेरिकनाच्या जागी बसवतो. तीन सेकंद जसेच्या तसे. उद्या संध्याकाळपर्यंत देतो."

सगळे क्लेमकडे बघायला लागले. एवढ्यासाठी तर त्याने ट्रॅक्टर विकला होता.

"सुटं करता येतं?" क्लेमने विचारलं. "म्हणजे काहीही काढता येतं?"

"काहीही."

"मग माझं काढ," क्लेम म्हणाला. "तिचं ठेव."

लीथने मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिलं. मग पेन्सिल थांबली. "आणि ते मधलं 'आलो गं'? तेही काढू?"

क्लेमने बाहीला नाक पुसलं.

"ते राहू दे," तो म्हणाला. "नाहीतर ती हाका मारत बसेल."